बाथरूमचं दार रुंद केलं, तर टॅक्समध्ये काय सुटतं?

आमच्या बाथरूमच्या दाराची मोकळी रुंदी साडेतेवीस इंच आहे, हे मला लग्नानंतर बावीस वर्षांनी कळलं. सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. दोन आठवड्यांनी त्यांना घरी आणलं आणि भाड्याने घेतलेली व्हीलचेअर बाथरूमच्या चौकटीला अडली. खुर्ची पंचवीस इंचांची, म्हणजे दीड इंच कमी पडत होता. त्यांनी चांगल्या हाताने चौकट धरली होती. मी मागून ढकललं आणि त्यांची बोटं चाक आणि लाकूड यांच्यामध्ये सापडली. त्या ओरडल्या नाहीत. "थांब गं, हात," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या चार महिन्यांत आम्ही चौकट काढली, उंबरा फोडला, गुळगुळीत लादी उखडून खडबडीत लादी बसवली, कमोडच्या दोन्ही बाजूंना स्टीलचे दांडे लावले आणि बाथरूमचं दार बाहेरच्या बाजूला उघडेल असं केलं. खर्च सव्वादोन लाखांच्या घरात गेला. मी दादरला एका कर सल्लागाराच्या ऑफिसात अठरा वर्षं रिटर्न भरण्याचं काम करते. त्यामुळे काम चालू असतानाच बिल्डिंगमधले लोक विचारायला लागले, "यातलं टॅक्समध्ये काही सुटतं का हो?" आमच्याच मजल्यावर दोन घरांत वॉकर आहे आणि खालच्या मजल्यावरच्या काकांना गुडघ्यांमुळे जिना उतरवत नाही. प्रश्न सगळ्यांचा आहे, म्हणून उत्तर नीट लिहून काढते.

सरळ उत्तर असं: घरात रॅम्प, दांडे, रुंद दार किंवा लिफ्ट बसवली म्हणून त्या खर्चावर आपल्या आयकर कायद्यात वेगळी सूट नाही. व्हॉट्सअॅपवर "ज्येष्ठांसाठी घर सुधारणा टॅक्स क्रेडिट" असे जे मेसेज फिरतात, ते बहुधा परदेशातल्या नियमांचे असतात. कॅनडात असं क्रेडिट खरोखर आहे. २०१६ पासून तिथे ६५ वर्षांवरच्या किंवा अपंगत्वाचा दाखला असलेल्या माणसाच्या घरात वावर सोपा करण्यासाठी केलेल्या कामावर ते मिळतं. सुरुवातीला वर्षाला १०,००० डॉलरपर्यंतचा खर्च धरत, २०२२ पासून मर्यादा २०,००० डॉलर झाली. खर्चाच्या १५ टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ३,००० डॉलर, थेट करातून कमी होत.

"करातून कमी" हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण आपल्याकडे जे मिळतं ते "उत्पन्नातून कमी" होतं आणि लोक या दोन्हींची गल्लत करतात. समजा तुमचा कर ५०,००० रुपये आला आणि तुम्हाला १०,००० रुपयांचं क्रेडिट आहे. मग तुम्ही ४०,००० भरता. वजावटीचं गणित वेगळं. १०,००० रुपयांची वजावट म्हणजे तुमचं करपात्र उत्पन्न १०,००० ने कमी होतं. तुम्ही ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर सेस, म्हणजे करावर लागणारा उपकर, धरून ३,१२० रुपये वाचतात, २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर २,०८०. आणि ज्याला करच लागत नाही, त्याचं काहीच वाचत नाही. कॅनडाचं क्रेडिटही याबाबतीत अपुरं आहे. कर शून्य असेल तर तिथलं सरकारही या क्रेडिटचे पैसे हातात देत नाही. थोडक्या पेन्शनवर जगणारा माणूस दोन्हीकडे मागेच राहतो, आणि दांड्याची गरज त्यालाच सगळ्यात जास्त असते.

मग आपल्याकडे आहे काय? आपला कायदा माणसाकडे बघतो, त्याच्या घराकडे नाही. अपंगत्व असलेल्या व्यक्तीला, किंवा तिला सांभाळणाऱ्याला, ठरावीक रकमेची वजावट मिळते. ती व्यक्ती स्वतः रिटर्न भरत असेल तर कलम ८०यू आणि तिच्यावर खर्च करणारा नातेवाईक भरत असेल तर कलम ८०डीडी. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर ७५,००० रुपये, ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,००० रुपये. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी आयकर कायदा, २०२५ लागू झाला आणि कलमांचे आकडे बदलले. पण ऑफिसात, बँकेत, शेजारीपाजारी अजून सगळे "एटी डीडी", "एटी यू" असंच बोलतात, म्हणून मीही जुनेच आकडे वापरते.

या दोन कलमांत एक चांगली गोष्ट लपलेली आहे. वजावट खर्चाच्या प्रमाणात नाही, ठोक आहे. ८०यूमध्ये तर खर्च केला की नाही हेही विचारत नाहीत. ८०डीडीमध्ये त्या व्यक्तीच्या उपचारांवर, शुश्रूषेवर, प्रशिक्षणावर किंवा पुनर्वसनावर खर्च झालेला असावा लागतो, किंवा तिच्यासाठी ठरावीक विमा योजनेत पैसे भरलेले असावे लागतात. पण खर्च २०,००० झाला तरी वजावट पूर्ण ७५,००० ची आणि दोन लाख झाला तरी ७५,००० चीच. म्हणून "बाथरूमची लादी पुनर्वसनात धरता येईल का" यावर डोकं शिणवायची गरज नाही. घरी येणाऱ्या मावशींचा पगार आणि औषधं यांनीच ती अट पूर्ण होते. लादीचं बिल या कलमासाठी लागत नाही. ते दुसऱ्या कामासाठी लागतं, त्याकडे पुढे येते.

आता अडचणी. पहिली माझ्याच घरातली. सासूबाईंचा बहुतेक खर्च माझ्या खात्यातून गेला, कारण मिळकत माझी जास्त आहे. पण ८०डीडीमध्ये "अवलंबून असलेली व्यक्ती" म्हणजे करदात्याचा जोडीदार, मुलं, आईवडील, भाऊ आणि बहीण. सासू-सासरे त्यात येत नाहीत. आरोग्य विम्याच्या ८०डीमध्येही आईवडील म्हणजे स्वतःचेच. म्हणजे मी पैसे घालायचे आणि वजावट मागायची तर माझ्या नवऱ्याने, त्यानेही खर्च केला असेल तर. मुंबईत किती घरांत सून कमावते आणि सासूचं करते, हे कायदा लिहिणाऱ्यांनी एकदा येऊन बघावं. तोवर उपाय एवढाच: औषधांचे आणि मावशींचे पैसे मुलाच्या खात्यातून जाऊ द्या आणि किराणा, लाइट बिल सुनेच्या खात्यातून. घराच्या एकूण हिशोबात फरक पडत नाही, रिटर्नमध्ये पडतो.

दुसरी अडचण म्हणजे एकाच माणसासाठी दोघांना वजावट मिळत नाही. आईने स्वतःच्या रिटर्नमध्ये ८०यू घेतली तर मुलाला ८०डीडी घेता येत नाही. आईला पेन्शन थोडी असेल आणि तसाही कर लागत नसेल, तर तिने ८०यू घेण्यात काही हशील नाही. आमच्या ऑफिसात एक रिटर्न असं आलं होतं की आईचा कर शून्य, तरी कोणीतरी सवयीने तिथे ८०यू टाकलेली, आणि तीस टक्के भरणारा मुलगा हात हलवत बसलेला. मात्र मुलाने मागायची तर आई पूर्णपणे किंवा मुख्यतः त्याच्यावर अवलंबून असली पाहिजे. आईची स्वतःची भक्कम पेन्शन असेल तर हा दावा टिकत नाही.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी: म्हातारपण म्हणजे अपंगत्व नव्हे. ८४ वर्षांच्या आजींना जिना चढवत नाही, रात्री तोल जातो, पण त्यांच्याकडे दाखला नसेल तर ही दोन्ही कलमं त्यांच्यासाठी नाहीत. दाखला सरकारी व्यवस्थेतून आलेला असावा लागतो. फॅमिली डॉक्टरने लेटरहेडवर लिहून दिलेलं चालत नाही. अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर करायचा, मग सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात तपासणी होते आणि दाखल्याबरोबर यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंग व्यक्तीचं सरकारी ओळखपत्र, मिळतं. कार्डाच्या रंगावरूनच कळतं: ४० टक्क्यांच्या खाली पांढरा, ४० ते ८० मध्ये पिवळा, ८० आणि त्यापुढे निळा. करासाठी पिवळा किंवा निळा लागतो. ३८ टक्के आणि ४० टक्के यांत माणसाला रोज होणारा त्रास फारसा वेगळा नसतो, पण एकाला शून्य आणि दुसऱ्याला ७५,००० असा हा कडेलोट आहे.

सासूबाईंना आम्ही दोनदा नेलं. पहिल्या वेळी झटक्याला फार दिवस झाले नव्हते, म्हणून दाखला देणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाने नंतर यायला सांगितलं. सुधारणा किती होते ते बघूनच टक्केवारी ठरवतात, आणि ते बरोबरही आहे. चूक होती ती ओपीडीच्या दाराशी. तिथे दोन पायऱ्या होत्या आणि रॅम्पवर मोटरसायकली लावलेल्या. अपंगत्वाचा दाखला घ्यायला आलेल्या बाईला दोन अनोळखी माणसांनी खुर्चीसकट उचलून आत नेलं. दुसऱ्या वेळी ६५ टक्के मिळाले, पिवळं कार्ड. दाखल्यावर मुदत असेल तर ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. ज्या आर्थिक वर्षात मुदत संपते त्या वर्षापुरती वजावट मिळते, पुढच्या वर्षी नवा दाखला लागतो. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असेल तर वेगळ्या ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं आणि तेही ऑनलाइन भरायचं असतं.

दाखला नसलेल्या वृद्धांसाठी दोन छोटे आधार आहेत. ६० वर्षांवरच्या आईवडिलांचा आरोग्य विमाच नसेल, तर त्यांच्या औषधोपचारांवरचा ५०,००० रुपयांपर्यंतचा खर्च ८०डीमध्ये धरता येतो, मात्र तो रोखीने केलेला नसावा. आणि पार्किन्सन्स, डिमेन्शिया, कॅन्सर, किडनी निकामी होणं अशा ठरावीक आजारांच्या उपचारांवर ८०डीडीबीमध्ये ज्येष्ठांसाठी एक लाखापर्यंत वजावट आहे. विम्यातून परत मिळालेली रक्कम त्यातून वजा होते, आणि पार्किन्सन्स किंवा डिमेन्शियासारख्या मेंदूच्या आजारात अपंगत्व ४० टक्के असल्याचं तज्ज्ञाने लिहून द्यावं लागतं. घराच्या कामाशी या दोन्हींचा संबंध नाही.

दरवर्षीच्या रिटर्नमध्ये घराच्या कामाशी खरा संबंध येतो तो एकाच ठिकाणी, आणि ते फार जणांना ठाऊक नसतं. तुम्ही राहत्या घराच्या दुरुस्तीसाठी किंवा नूतनीकरणासाठी कर्ज काढलंत, तर त्याच्या व्याजापैकी वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत रक्कम कलम २४ब खाली वजा होते. इथे कोणी विचारत नाही की दार रुंद केलं की स्वयंपाकघराचा ओटा बदलला. म्हणून व्हीलचेअरसाठी केलेलं बाथरूम यात आपोआप बसतं. कर्ज बँकेचंच हवं असं नाही. पर्सनल लोनही चालतं, फक्त पैसा घरालाच लागला हे बिलांवरून दाखवता आलं पाहिजे. तीन लाखांचं कर्ज बारा टक्क्यांनी घेतलं तर पहिल्या वर्षीचं व्याज साधारण या मर्यादेच्या आसपास जातं, म्हणजे बहुतेक लहान कामांचं व्याज बसून जातं. ३० टक्क्यांच्या टप्प्यात पूर्ण ३०,००० वर ९,३६० रुपये वाचतात.

पण मुंबईत घर कोणाच्या नावावर आहे यावर हे सगळं अडतं. वजावट घरमालकाला मिळते. आमचा फ्लॅट सासूबाईंच्या नावावर आहे आणि कर्ज नवऱ्याने काढलं, त्यामुळे त्याला एक पैसाही धरता आला नाही. रोज लोकांना हे सांगणारी मी, पण त्या आठवड्यात दार लवकर मोठं होणं एवढंच डोक्यात होतं. पागडीच्या खोलीत राहणाऱ्यांनाही हे मिळत नाही, कारण ते भाडेकरू. म्हणजे गिरगाव, लालबाग, परळच्या ज्या जुन्या चाळींमध्ये जिना सगळ्यात उभा आणि संडास गॅलरीच्या टोकाला, तिथल्या म्हाताऱ्यांना ही वजावट नाही. भाड्याने दिलेल्या घराचं गणित निराळं, तिथे या ३०,००० ची मर्यादा नाही.

आणखी दोन गाठी. हे ३०,००० वेगळे नाहीत, गृहकर्जाच्या व्याजाच्या एकूण दोन लाखांच्या आतले आहेत. ज्याचं गृहकर्जाचं व्याजच दोन लाख होतं, त्याला नव्या कर्जातून काही मिळत नाही. आणि मुद्दल? गृहकर्जाचं मुद्दल ८०सी या बचतीच्या कलमात धरतात, पण घर राहतं झाल्यावर केलेली दुरुस्ती, नूतनीकरण किंवा वाढीव बांधकाम त्यातून स्पष्टपणे वगळलेलं आहे. बँकेचा माणूस कर्ज विकताना "एटी सी मिळेल" म्हणाला तर मान डोलावू नका.

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न: जुनी पद्धत की नवी? वर सांगितलेल्या वजावटी, म्हणजे ८०यू, ८०डीडी, ८०डी, ८०डीडीबी आणि राहत्या घराच्या कर्जाचं व्याज, फक्त जुन्या करपद्धतीत मिळतात. २०२३-२४ पासून नवी पद्धत आपोआप लागू होते, जुनी हवी असेल तर ती निवडावी लागते. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, आणि पगारदार व पेन्शनरांना सरसकट मिळणारी ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून ही रेषा पावणेतेरा लाखांवर जाते. शेअर किंवा घर विकून झालेल्या नफ्याला ही माफी लागू नाही, ते वेगळं. पण निव्वळ पेन्शन आणि एफडीच्या व्याजावर राहणाऱ्या बहुतेक ज्येष्ठांनी वजावटींचा विचारच करायला नको. नव्या पद्धतीत राहा, कर शून्य.

त्यांना सांभाळणाऱ्या मुलाचं काय? एक हिशोब मांडून दाखवते, कारण हा मी स्वतः तीन वेळा तपासला आणि तिन्ही वेळा वाईट वाटलं. पगार १५ लाख, घर त्याच्याच नावावर. आईला ८० टक्क्यांवर अपंगत्व, म्हणजे ८०डीडीचे पूर्ण १,२५,०००. नव्या पद्धतीत ७५,००० वजा जाऊन १४,२५,००० उरतात, त्यावर सेससकट कर ९७,५०० रुपये. जुन्या पद्धतीत ५०,००० प्रमाणित वजावट, ८०सीचे दीड लाख, स्वतःच्या विम्याचे २५,००० आणि आईच्या विम्याचे ५०,०००, ८०डीडीचे १,२५,०००, आणि बाथरूमच्या कर्जाच्या व्याजाचे ३०,००० असे सगळे मिळून ४,३०,००० वजा केले तर १०,७०,००० उरतात. त्यावर कर १,३८,८४० रुपये. सगळे दाखले, सगळे कागद गोळा करून मुलगा ४१,३४० रुपये जास्त भरणार!

आता समजा त्याच घरावर गृहकर्जही आहे आणि त्याचं व्याजच दोन लाखांचं आहे. मग बाथरूमच्या कर्जाचं व्याज त्याच दोन लाखांत गडप होतं, करपात्र उत्पन्न नऊ लाखांवर येतं आणि कर ९६,२०० रुपये. नव्या पद्धतीपेक्षा १,३०० रुपयांनी कमी. वर्षभर शुश्रूषा केलेल्या घराला सरकारने दिलेला फायदा १,३०० रुपयांचा. घरभाडेभत्ता मोठा असेल किंवा उत्पन्न आणि वजावटी दोन्ही बरेच जास्त असतील, तर जुनी पद्धत सरस ठरू शकते. म्हणून दरवर्षी दोन्ही हिशोब करा. आयकर विभागाच्या साइटवरच्या कॅल्क्युलेटरला दहा मिनिटं लागतात. गेल्या वर्षी जे सोयीचं होतं ते या वर्षीही असेल असं धरून चालू नका.

मला हे पटत नाही आणि ते मी लपवणार नाही. नवी पद्धत सोपी करताना गुंतवणुकीच्या सवलती काढल्या, ते एक वेळ समजू शकते. एलआयसीचा हप्ता भरणं ही निवड आहे, आईचा डावा हात आणि पाय गेला ही निवड नाही. अपंगत्वाची वजावट त्या यादीतून वेगळी ठेवता आली असती. आणि घरातल्या कामासाठी साधं क्रेडिट, कर शून्य असला तरी खात्यात जमा होणारं, दिलं तर एका दांड्यामुळे वाचलेल्या एका खुब्याच्या ऑपरेशनचा खर्च सरकारी रुग्णालयाचाच वाचेल.

आता ते लादीचं बिल. घर कधीतरी विकलं जातं, आईच्या माघारी मुलं तरी विकतात. विकताना नफ्यावर कर लागतो आणि नफा काढताना घराच्या मूळ किमतीत सुधारणेचा खर्च मिळवता येतो. रंगकाम, गळती काढणं अशी नेहमीची देखभाल यात येत नाही. पण दार रुंद करून बाथरूम नव्याने बांधणं, कायमचा रॅम्प, घरातली लिफ्ट अशी टिकाऊ कामं येतात. आणि हे जुन्या-नव्या दोन्ही पद्धतींत चालतं. वारसाने घर मिळालेल्या मुलांना आधीच्या मालकाने, म्हणजे आईने केलेला सुधारणेचा खर्चही धरता येतो. दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के कर धरला तर दोन लाखांच्या कामावर साधारण २५,००० रुपये वाचतात, आज नाही तरी वीस वर्षांनी. सगळ्या वजावटींत लोकांच्या हातून सगळ्यात जास्त निसटणारी हीच, कारण मिस्त्री कच्चं बिल देतो. "पक्कं बिल हवं तर जीएसटी लागेल, मॅडम." लादीवर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणून माणूस कच्च्यावर खूश होतो. व्हीलचेअर आणि वॉकरवर तो ५ टक्केच आहे, तिथे तर कच्चं बिल घ्यायला कारणच नाही. निदान मोठ्या वस्तूंची पक्की बिलं घ्या, मिस्त्रीला मजुरी बँकेतून द्या, आणि शक्य असेल तर हे पैसे घर ज्याच्या नावावर आहे त्याच्याच खात्यातून जाऊ द्या. कामाआधीचे आणि नंतरचे दोन-चार फोटो त्याच फाइलमध्ये ठेवा.

हातात रोकड नाही आणि फ्लॅट मात्र कोटीचा, अशी मुंबईत हजारो म्हातारी माणसं आहेत. त्यांच्यासाठी रिव्हर्स मॉर्गेज आहे. ६० वर्षांवरच्या मालकाने राहतं घर बँकेकडे गहाण ठेवायचं, बँक ठरावीक हप्ते किंवा एकरकमी पैसे देते, आणि मालक हयात असेपर्यंत त्याला घर सोडावं लागत नाही. मिळालेला पैसा कर्ज असल्यामुळे त्यावर आयकर नाही, आणि घराची दुरुस्ती हा त्याचा मान्य वापर आहे. मुलांशी आधी बोलून घ्या, नाहीतर माघारी भांडणं होतात. सोसायटीच्या कागदांनाही वेळ लागतो.

घराच्या दाराबाहेर, म्हणजे जिन्यात आणि गेटपाशी, खर्च सोसायटीचा. रॅम्पसाठी किंवा लिफ्टसाठी तुम्ही दिलेली वर्गणी तुमच्या कुठल्याही वजावटीत बसत नाही. पण इथे करापेक्षा इंच महत्त्वाचे. रॅम्पचा उतार एकास बारा हवा असं प्रमाण आहे. सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे अठरा इंच उंची, म्हणजे अठरा फूट लांब रॅम्प. आमच्या कमिटीने आधी सहा फुटांत बसवायचं ठरवलं होतं. तसल्या उतारावरून खुर्ची खाली नेताना मागे धरणाऱ्याचे पाय घसरतात. शेवटी रॅम्प भिंतीकडेने वळवून घेतला, दोन स्कूटर्सची जागा गेली. स्कूटरवाल्या दोघांपैकी एकाची आई आज त्याच रॅम्पवरून देवळात जाते.

ज्यांची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाते आहे, त्यांनी तर आत्ताच, नकाशा पास होण्याआधी बोलावं. केंद्राच्या २०२१ च्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन फूट धरली आहे. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ४४ प्रमाणे सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आराखड्याला परवानगी देऊ नये असं आहे, आणि हे नियम नुसत्या शिफारशी नकोत, बंधनकारक हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सांगितलं. मीटिंगमध्ये बिल्डरचे लोक हॉलची लादी आणि मॉड्युलर किचन दाखवतात. तेव्हा कोणीतरी उठून विचारायला हवं: बाथरूमचं दार किती इंचांचं, आणि आत खुर्ची वळेल का? खुर्ची पूर्ण फिरायला दीड मीटरचा मोकळा गोल लागतो. नकाशावर भिंत सहा इंच सरकवायला काही लागत नाही. तीच भिंत नंतर फोडायला आम्हाला सहा दिवस लागले, आणि ते सहा दिवस सासूबाईंना शेजारच्यांच्या बाथरूममध्ये नेत होतो.

आमचं दार आता बत्तीस इंचांचं आहे. तीन फूट बसलं नाही, शेजारी पाण्याचा पाइप होता. चौकटीला मुद्दाम लाकूड लावलं नाही, भिंतीचे कोपरे गोल करून घेतले. सकाळी सासूबाई चांगल्या हाताने चाक स्वतः फिरवत आत जातात आणि दांडा धरून कमोडवर सरकतात. मी बाहेर उभी असते. दाखल्याची झेरॉक्स, लादीचं पक्कं बिल, मिस्त्रीच्या खात्यात गेलेल्या पैशांचं स्टेटमेंट आणि फोटो फ्रीजवरच्या निळ्या फाइलमध्ये आहेत. फाइल त्यांच्या नावाची आहे, कारण घर त्यांचं आहे.